प्लास्टिकची बादली की काचेची बरणी: आधी किती दिवस ठेवणार ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी चार-चार लिटरच्या छोट्या बॅच आंबवायला सुरुवात करायची आहे. कधी फळांच्या रसात यीस्ट घालून, कधी मिठाच्या पाण्यात भाज्या. हाताशी झाकणाची १० लिटरची प्लास्टिकची बादली आहे आणि तारेच्या खटक्याने बंद होणाऱ्या दोन काचेच्या बरण्या आहेत. अरुंद गळ्याची ५ लिटरची काचेची बाटली विकत घ्यावी का, हे ठरत नाहीये. एक जण म्हणतो प्लास्टिकमधून विष उतरतं, दुसरा म्हणतो काच फुटते. शिवाय त्या बादलीत पूर्वी लसूण घालून भाज्या आंबवल्या होत्या आणि तिचा वास काही केल्या जात नाही.

तुम्हाला सल्ला देणारे दोघंही काही अंशी बरोबर आहेत. प्लास्टिक चुकीचं निवडलं तर त्रास होतो आणि काच खरोखरच फुटते. पण गेली सोळा वर्षं मी घरी १ लिटरपासून २० लिटरपर्यंतच्या बॅच करते आहे, आणि माझ्या ज्या बॅच वाया गेल्या त्यातल्या बहुतेक हवेमुळे गेल्या. आंबवण्याचा जोर ओसरल्यावर पेय ज्या भांड्यात उभं राहिलं, त्या भांड्यात हळूहळू हवा शिरत राहिली आणि चव गेली. म्हणून भांड्याबद्दल कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, यात ते किती दिवस ठेवणार आहात? ८-१० दिवस असतील तर माझं उत्तर एक, तीन महिने असतील तर दुसरं.

बाकीही काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्ही गाळलेला रस घेणार की फळांचा लगदा, भांडं भरल्यावर एका जागी राहणार की उचलून न्यावं लागणार, घरात लहान मुलं वावरतात का, खोली किती तापते, यातल्या प्रत्येकाने निवड थोडी थोडी बदलते. तुम्ही यातलं फारसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी कारणांसकट सांगते, म्हणजे तुमच्या घरी काय लागू पडतं ते तुम्हालाच ताडून पाहता येईल.

सुरुवात पहिल्या आठवड्यापासून करू. यीस्ट साखर खातं आणि तिचे जवळजवळ निम्मे निम्मे दोन भाग करतं: वजनाने अर्ध्याहून किंचित जास्त अल्कोहोल आणि अर्ध्याहून किंचित कमी कार्बन डायऑक्साइड. तुमच्या ४ लिटर रसात दर लिटरला ११० ग्रॅम साखर धरली तर एकूण ४४० ग्रॅम साखर झाली. तिच्यातून साधारण २१५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीच्या तापमानाला हा वायू जवळपास १२० लिटर जागा व्यापतो. म्हणजे भांड्यातल्या रसाच्या तीसपट वायू आठ-दहा दिवसांत बाहेर पडायचा असतो.

या एका आकड्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जोरात आंबत असताना भांड्यातली हवा हा वायू स्वतःच बाहेर ढकलतो आणि पेयावर त्याचं पांघरूण राहतं. जो थोडाफार ऑक्सिजन आत येतो तो सुरुवातीला यीस्टला वाढीसाठी हवाच असतो. त्यामुळे या टप्प्यात बादली प्लास्टिकची आहे म्हणून चवीत फरक पडत नाही. मी दोन्हींत शेजारी शेजारी आंबवून पाहिलं आहे आणि दहाव्या दिवशी चाखून मला कोणतं कुठलं ते ओळखता आलेलं नाही. दुसरी गोष्ट, हा वायू बाहेर पडायची वाट बंद झाली तर भांडं काचेचं असो की आणखी कशाचं, ते टिकणार नाही. फुटण्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे, पण त्याचं मूळ इथे आहे.

पहिल्या टप्प्यात मी बहुतेक वेळा रुंद तोंडाची बादलीच घेते, विशेषतः लगदा असेल तेव्हा. फळांचे तुकडे वायूबरोबर वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगत राहतो. तो दिवसातून एक-दोनदा दाबून खाली घालावा लागतो, नाहीतर वरचा भाग सुकतो आणि बुरशी धरतो. अरुंद गळ्याच्या बाटलीत हे करता येत नाही. त्याहून गंभीर म्हणजे तुकडे आणि फेस गळ्यात चढतात, एअरलॉकची (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप) नळी बुजते आणि आत दाब साठायला लागतो. मग बूच उडून छताला लागतं, किंवा बूच घट्ट असेल तर बाटली तडकते. लगदा कधीही अरुंद गळ्याच्या काचेत आंबवू नका. गाळलेल्या रसासाठीही वर किमान पाव भांडं रिकामं सोडा. तुमची १० लिटरची बादली ४ लिटरला मोठी वाटेल, पण या टप्प्यात ती मोठी असल्याचा फायदाच आहे.

आता जोर ओसरल्यानंतरचं. बुडबुडे विरळ झाले, फेस बसला, तळाशी गाळ जमला. इथून पुढे पेय नितळ व्हायला आणि चव मऊ व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. वायूचा पुरवठा थांबलेला असतो आणि पांघरूण विरत जातं. प्लास्टिक आणि काच यांच्यातला खरा फरक आता सुरू होतो, कारण प्लास्टिकच्या भिंतीतून ऑक्सिजन आरपार जातो. भोक असावं लागत नाही. वायूचे रेणू प्लास्टिकच्या लांब साखळ्यांमधल्या फटींतून झिरपतात. काचेतून असं काही जात नाही.

किती जातो? बादल्या बहुतेक एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनच्या असतात आणि ही दोन्ही प्लास्टिकं ऑक्सिजनला बरीच सैल आहेत. २ मिलिमीटर जाडीच्या, चार-पाच लिटरच्या एचडीपीई बादलीचा मी ढोबळ हिशेब मांडला तर दिवसाला १ घनसेंटिमीटरच्या आसपास ऑक्सिजन आत येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ४ लिटरला तो वाटला तर महिन्याभरात दर लिटरमागे आठ-नऊ मिलिग्रॅम होतो, आणि २५ अंशाला पाण्यात हवेतून जास्तीत जास्त विरघळणारा ऑक्सिजन साधारण तितकाच असतो. म्हणजे महिनाभर बादलीत ठेवणं हे पेय एकदा चांगलं घुसळून त्यात हवा भरण्यासारखं झालं. जाडी आणि तापमान बदललं की आकडा कमीजास्त होईल, पण अंदाज यायला एवढं पुरे.

तुमची बॅच छोटी आहे म्हणून हे तुम्हाला जास्त भोवतं, आणि ही बाब बहुतेक सल्ल्यांत सुटून जाते. मोठ्या प्रमाणावर करणारे लोक सांगतात, 'आम्ही महिनाभर प्लास्टिकमध्ये ठेवतो, काही होत नाही.' त्यांच्या अनुभवावर मी शंका घेत नाही. पण भांडं लहान होतं तसं दर लिटरमागे भिंतीचं क्षेत्र वाढतं. त्याच आकाराचं भांडं २० लिटरवरून ४ लिटरवर आणलं तर दर लिटरमागे भिंत जवळपास १.७ पट होते, आणि १ लिटरवर आणलं तर २.७ पट. त्यात वर मोकळी राहिलेली जागा धरा. १० लिटरच्या बादलीत ४ लिटर पेय म्हणजे वर ६ लिटर पोकळी. पहिल्या आठवड्यात जी पोकळी फेसासाठी उपयोगाची होती, तीच आता हवेचं कोठार होते.

मी हे नुकसान करून शिकले. सुरुवातीच्या काळात गडद लाल फळांच्या रसाची एक बॅच फार सुंदर आंबली होती. दहाव्या दिवशी चाखली तेव्हा ताज्या फळाचा सुगंध तसाच होता. काच मोकळी नव्हती म्हणून मी ती बादलीतच राहू दिली, झाकण घट्ट लावून, दोन महिने. उघडलं तेव्हा रंग विटकरी झाला होता, फळाचा वास गेला होता आणि जिभेच्या टोकाला व्हिनेगरची धार लागत होती. व्हिनेगरचे जिवाणू ऑक्सिजनशिवाय अल्कोहोलचं आम्ल करू शकत नाहीत. तो ऑक्सिजन त्यांना झाकणाच्या कडेतून आणि भिंतीतून सावकाश मिळत राहिला. त्या बॅचमागे मी जी मेहनत घेतली होती ती आठवली की अजूनही वाईट वाटतं.

म्हणून माझी पद्धत ठरून गेली आहे. सात ते दहा दिवस बादलीत, मग नळीने गाळावरून अलगद ओढून काचेत, गळ्यापर्यंत भरून. इथे तुमच्या ५ लिटरच्या बाटलीबद्दल एक अडचण सांगते. ४ लिटर रसातून गाळ जाऊन तुमच्या हाती साडेतीन-पावणेचार लिटर उरेल. ते ५ लिटरच्या बाटलीत घातलं तर वर सव्वा लिटर हवा राहील आणि काच घेतल्याचा निम्मा फायदा गेला. एक तर सुरुवातच साडेपाच लिटरने करा, म्हणजे बाटली काठोकाठ भरेल. नाहीतर ५ लिटरऐवजी साडेतीन लिटरच्या आसपासचं भांडं शोधा आणि उरलेलं अर्धा-पाव लिटर एका छोट्या बाटलीत वेगळं ठेवा. पुढे गाळ काढताना जी घट येते ती या छोट्या बाटलीने भरून काढता येते. तिलाही एअरलॉक लावा.

प्लास्टिकमध्येही सगळं एका मापाचं नाही. शीतपेयाच्या बाटल्या ज्याच्या असतात ते पेट प्लास्टिक ऑक्सिजनला एचडीपीईपेक्षा कितीतरी घट्ट आहे. झिरपणं विसाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. आंबवण्यासाठीच बनवलेल्या जाड पेटच्या बाटल्या मिळतात, त्यांत मी दोन-तीन महिने पेय ठेवलं आहे आणि तक्रार करावी असं काही आढळलं नाही. काच हाताळायची भीती वाटत असेल किंवा मनगटात जोर नसेल, तर दुसऱ्या टप्प्यासाठी पेट हा प्रामाणिक पर्याय आहे. फक्त वर्षभर मुरवायचं असेल तर मी काचच घेईन. आणि पेटला गरम पाणी चालत नाही. ७० अंशांच्या पुढे ते मऊ पडतं आणि आकार सोडतं, म्हणून धुताना पाणी कोमटच ठेवा.

विषाबद्दल. बादलीच्या तळाला त्रिकोणात एक अंक कोरलेला असतो, तो पाहा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. या तीन प्रकारांतलं अन्नासाठी बनवलेलं भांडं सौम्य आम्ल आणि वाइनइतकं अल्कोहोल खोलीच्या तापमानाला आरामात सांभाळतं. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ही दोन मी आंबवायला वापरत नाही. ७ हा अंक 'इतर' असा आहे आणि त्यात पॉलिकार्बोनेटही येतं. ते बिस्फेनॉल-ए वापरून बनतं आणि धुण्याच्या तीव्र क्षारांनी त्याची झीज होऊन ते द्रव्य सुटू शकतं. तेव्हा तेही नको. पण अंकावरून फक्त प्लास्टिकची जात कळते. भांडं अन्नासाठी आहे की नाही हे त्यातून कळत नाही. एचडीपीईची बादली रंगाचीही असते आणि साबणाचीही. त्यात कोणतं रंगद्रव्य आहे, पुनर्वापराचा माल किती आहे, कशाची आधी साठवण झाली आहे, हे बाहेरून दिसत नाही. पेला आणि काटा यांचं चिन्ह किंवा 'अन्नासाठी योग्य' असा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्या. दोन्ही नसेल तर ती बादली भांडी भिजवायला वापरा. शिवाय उकळता पाक किंवा गरम रस कुठल्याच प्लास्टिकमध्ये ओतू नका. उष्णतेने प्लास्टिकमधलं जे काही सुटायचं ते लवकर सुटतं. यीस्टलाही ४० अंशांच्या वरचं पाणी मानवत नाही, त्यामुळे थंड होईपर्यंत तुम्हाला थांबायचंच आहे.

काचेच्या बाबतीत रासायनिक काळजी जवळपास नाहीच. वास धरत नाही, रंग धरत नाही, आम्लाला दाद देत नाही, आत काय चाललंय ते दिसतं. एक अपवाद, शिसं असलेल्या स्फटिक काचेची शोभेची भांडी. त्यात आम्लधर्मी पेय साठवू नये. आणि काच पारदर्शक असल्याने उजेड आत येतो. मी बरण्यांना जाड गडद कापड गुंडाळते, उन्हाच्या पट्ट्यात तर कधीच ठेवत नाही.

काच फुटते ती तीन प्रकारे, आणि तिन्ही टाळता येतात.

सगळ्यांत नेहमीचा प्रकार म्हणजे उचलताना. ओली, साबणाची, भरलेली बाटली हातातून निसटते. मोठ्या बाटल्यांच्या अशा अपघातात लोकांच्या तळहाताच्या आणि मनगटाच्या शिरा, स्नायूबंध कापले गेले आहेत. मला स्वतःला एकदा टाके पडले. भरलेली बाटली गळ्याला धरून उचलली आणि गळा खांद्यापासून वेगळा झाला. त्या गळ्यावर आधीपासून केसासारखा तडा होता, मी उजेडात धरून पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी रिकामी बाटली दिव्यासमोर फिरवून बघते. टवका किंवा तडा दिसला की ती बाटली आंबवण्यातून बाद. भरलेली बाटली दोन्ही हातांनी, एक हात तळाखाली घेऊनच उचलायची, आणि शक्यतो दुधाच्या क्रेटसारख्या चौकटीत ठेवूनच हलवायची. तुमच्या ४ लिटरच्या आकारात हा धोका पुष्कळ कमी आहे. काचेचं आणि पेयाचं मिळून वजन पाच-सहा किलोच्या आसपास जातं. २० लिटरला ते पंचवीस किलोच्या पुढे जातं. छोट्या बॅचला काच जास्त परवडते असं मी म्हणते ते यामुळेही.

दुसरा प्रकार तापमानाचा. साध्या बरणीची सोडा-लाइम काच ४० अंशांच्या आसपासचा अचानक फरकही धोक्याचा मानायला लावते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच तापल्यावर सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती तग धरते. पण तुमच्या बरण्या बहुधा साध्या काचेच्या आहेत. त्यामुळे निर्जंतुक करायला उकळतं पाणी ओतू नका. थंड फरशीवर गरम बरणी ठेवणंही तितकंच वाईट. खाली लाकूड किंवा घडी केलेलं कापड असू द्या.

तिसरा प्रकार दाबाचा, आणि तुमच्या खटक्याच्या बरण्यांमुळे तो मला विशेष सांगायचा आहे. शॅम्पेनच्या बाटलीत दुसऱ्या आंबवणीसाठी दर लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात. त्यातून वातावरणाच्या सहापटींच्या आसपास दाब तयार होतो. तो सोसावा म्हणून ती बाटली इतकी जाड आणि तळाला खोल खळगा असलेली घडवतात. तुमच्या रसात दर लिटरला ११० ग्रॅम आहे. हा रस खटका लावून बंद केला तर काय होईल याचा अंदाज करा. खटक्याच्या बरणीचं रबरी वायसर दाब वाढला की थोडा वायू सोडतं हे खरं आहे, आणि भाज्यांसाठी बरेच जण त्या भरवशावर राहतात. पण वायसर किती दाबाला सोडेल हे त्याच्या वयावर, ताठरपणावर आणि खटक्याच्या तारेवर ठरतं. रसासाठी मी त्यावर विसंबणार नाही. चौकोनी बरणी असेल तर मुळीच नाही, कारण तिच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो. झाकणाला भोक पाडून एअरलॉक बसवता येत असेल तर उत्तम. ते जमत नसेल तर या बरण्या भाज्यांसाठी राखून ठेवा.

इथपर्यंतचं दोन ओळींत: रसाचे पहिले आठ-दहा दिवस अन्नासाठीच्या बादलीत, नंतरची मुदत गळ्यापर्यंत भरलेल्या काचेत किंवा जाड पेटमध्ये, आणि वायूची वाट दोन्हीकडे उघडी.

हे सगळं भिंतीबद्दल झालं, पण माझ्या अनुभवात भिंतीपेक्षा जास्त हवा झाकणातून येते. बादलीचं झाकण बसलं असं वाटतं, पण कडेच्या खाचेत एक बी अडकलेली असते किंवा एअरलॉकभोवतीचं रबर सैल झालेलं असतं. मग वायू त्या फटीतून निघून जातो, एअरलॉकमध्ये बुडबुडे दिसत नाहीत आणि माणूस घाबरून यीस्ट मेलं समजतो. तपासायला सोपं आहे. झाकणाच्या मध्यावर हलक्या बोटाने दाबा. एअरलॉकमधलं पाणी सरकलं आणि बोट दाबून ठेवलेलं असताना तसंच राहिलं तर झाकण पक्कं. लगेच पूर्वीच्या जागी आलं तर कुठेतरी गळती आहे. काचेच्या बाटलीचं बूच निवडतानाही एक लक्षात घ्या. सिलिकोन ऑक्सिजनला एचडीपीईपेक्षाही खूप सैल असतं. आठवड्याभरासाठी चालेल, महिन्यांसाठी मी घट्ट रबरी बूच वापरते. एअरलॉकचं पाणी सुकू देऊ नका. खोली थंड झाली की आतला वायू आकसतो आणि ते पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात स्वच्छ उकळून गार केलेलं पाणीच भरा.

भाज्यांचं गणित वेगळं आहे आणि तिथे मी थोडी सैल आहे. २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली उतरतो. त्या पातळीखाली बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही. नीट आंबलेल्या भाज्या ३.५ च्या जवळपास जाऊन थांबतात. मुदत एक ते चार आठवडे, मग शीतपेटी. इतक्या वेळात भिंतीतून येणाऱ्या ऑक्सिजनने काही बिघडत नाही. बिघडतं ते वर उघड्या पडलेल्या तुकड्यांमुळे, कारण बुरशी आणि ती पांढरी साय तिथेच धरते. म्हणून भाज्यांसाठी भांडं उंच आणि निमुळतं असावं, वर पृष्ठभाग कमी राहावा, आणि तुकडे बुडवून ठेवायला आत मावेल असं काचेचं वजन असावं. तुमच्या बरण्या यासाठी अगदी योग्य आहेत. काचेतून पाण्याची पातळी रोज दिसते हा मोठा फायदा आहे, बादलीचं झाकण उघडून पाहावं लागतं आणि दर वेळी ताजी हवा आत जाते. पहिले चार-पाच दिवस खटका पूर्ण न लावता झाकण नुसतं टेकवून ठेवा, किंवा लावला तर रोज एकदा सैल करा. खाली ताटली ठेवा, पाणी ओसंडतं. धातूची झाकणं असतील तर ती बदला. मीठ आणि आम्ल मिळून त्यांना गंज चढतो आणि तो आत पडतो.

बाटल्या भरायच्या वेळी मात्र मी प्लास्टिकच्या बाजूने बोलते. फसफसणारं पेय करायचं असेल तर पहिल्या काही बॅचना शीतपेयाच्या वापरलेल्या पेट बाटल्याच घ्या. त्या दाब सोसण्यासाठी बनलेल्या असतात आणि आत किती दाब झालाय हे बोटांना कळतं. भरताना दाबून हवा काढा, रोज चिमटून पाहा. दगडासारखी टणक लागली की थंड करा. काचेची बाटली असा कोणताही इशारा देत नाही. काचच हवी असेल तर दाबासाठी बनवलेलीच घ्या, आणि त्याआधी हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) मोजमाप तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा सारखं आलं पाहिजे. बुडबुडे थांबले हा पुरावा धरू नका.

आता तुमची लसणाची बादली. प्लास्टिक तेलकट सुगंधी रेणू स्वतःत शोषून घेतं आणि पुढे ते हळूहळू सोडत राहतं. हा वास पृष्ठभागावर चिकटलेला नसतो, भिंतीच्या आत मुरलेला असतो, म्हणून घासून जात नाही. उलट काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासलंत तर बारीक चरे पडतात आणि जिवाणू त्या चऱ्यांत दडून बसतात. निर्जंतुक करणारं द्रावण तिथवर पोचत नाही. बादलीला नेहमी मऊ फडका आणि सोडियम परकार्बोनेटचं (पाण्यात ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पूड) कोमट द्रावण पुरतं. अर्धा तास भिजवा, खळखळून धुवा, मग वापरण्याआधी न धुता चालणारं आम्लधर्मी निर्जंतुकीकरण द्रावण फिरवा. क्लोरीनचं ब्लीच मी टाळते. ते नीट धुतलं गेलं नाही तर फळांतल्या फिनॉलशी मिळून औषधासारखी चव येते आणि ती थेंबाथेंबाने सगळी बॅच नासवते. वापरलंच तर व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वासासाठी ती बादली परकार्बोनेटच्या द्रावणाने रात्रभर भरून ठेवा, धुवा आणि झाकण काढून आठवडाभर उन्हावाऱ्यात ठेवा. मग आत एक लिटर साधं पाणी घालून झाकण लावा आणि दोन दिवसांनी ते पाणी चाखा. पाण्याला वास नसेल तर बादली रसाला चालेल. थोडाही लसूण लागला तर ती भाज्यांना कायमची देऊन टाका आणि रसासाठी दुसरी बादली घ्या. मी माझ्या बादल्यांवर न पुसणाऱ्या शाईने 'रस' आणि 'भाजी' असं लिहून ठेवलं आहे, सोबत घेतल्याची तारीख. आतून नख फिरवल्यावर चरे लागायला लागले की बादली बदलते. झाकणाचं वायसर त्याआधीच बदलावं लागतं, ते वासही जास्त धरतं.

खरेदीच्या क्रमाने सांगायचं तर तुमच्या जागी मी ५ लिटरची बाटली आत्ता घेणार नाही. आधी बादलीच्या झाकणाला बसेल असं एअरलॉक आणि त्याचं रबर, गाळावरून ओढायची नळी आणि हायड्रोमीटर घ्या. पहिली बॅच बादलीत लावा. ती आंबत असताना तुमच्याकडे आठ दिवस आहेत. पाचव्या-सहाव्या दिवशी गाळ वगळून हाती किती लिटर येणार याचा अंदाज येतो, तेव्हा त्याच मापाची काच शोधायला निघा.